जहाजाचं इन्फ्रारेड मॉडेल ‘बरोबर आहे’ असं नक्की कधी म्हणायचं?

खाडीपलीकडे (धागाकर्ती) | सोम, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय आडवळणाचा आहे, पण इथे गोदीपासून वेधशाळेपर्यंत सगळ्या गावची माणसं असतात म्हणून विचारते.

लढाऊ जहाज इन्फ्रारेड कॅमेऱ्याला किंवा उष्णतेच्या मागावर येणाऱ्या क्षेपणास्त्राला कसं दिसेल, हे जहाज बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढतात. जहाजाचे हजारो छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येकावर ऊन किती पडतं, वारा किती, आतून इंजिनाची ऊब किती, आकाशाकडून आणि पाण्याकडून किती येतं, हे मांडून तापमान काढायचं. मग त्यातून निघणारे किरण, मधली हवा, मागचा समुद्र, असं करत करत शेवटी चित्र तयार होतं.

माझं काम असं मॉडेल प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. युद्धनौका मला कोण देणार! एका खाजगी मालकाचा टग (मोठी जहाजं ओढणारी बोट) मिळालाय, मुंबई बंदरात धक्क्याला बांधलेला. फेब्रुवारीतल्या दुपारी साडेतीनला डेकहाऊसच्या (डेकवरच्या खोलीच्या) पश्चिमेकडच्या भिंतीचं तापमान मॉडेल ५४ अंश सांगतं, कॅमेरा ४७. रात्री मात्र दोघांचं अर्ध्या अंशात जुळतं. सर म्हणतात, रंग ऊन किती शोषतो तो आकडा थोडा खाली आण, दुपारचंही जुळेल, रिपोर्ट लिहून मोकळी हो. आणला. जुळलं. पण मला ते पटत नाहीये.

प्रश्न असा की नौदलं आणि त्यांच्या प्रयोगशाळा हे कसं ठरवतात? किती फरक चालतो?

भाऊचा_धक्का | सोम, रात्री ९:१५

रुमाल टाकून ठेवतो. टगच आहे ना नक्की? नाहीतर धाग्यासकट आपण सगळे नौदल गोदीच्या लायन गेटवर हजर.

पावशेर | सोम, रात्री ९:२१

५४ आणि ४७ ची सरासरी घे आणि दोघांनाही नापास कर.

इंजिनरूम_काका | सोम, रात्री १०:०४

छान विषय काढलास. मी व्यापारी जहाजांवर होतो, नौदलात नाही, त्यामुळे गुपितं वगैरे माझ्यापाशी नाहीत. जे पुस्तकात छापलंय तेवढंच सांगतो.

आधी बाकीच्यांसाठी, हे सगळं कशाला ते. रडार स्वतः लहर पाठवतं, त्यामुळे जहाजाला कळतं की कोणीतरी शोधतंय. इन्फ्रारेड सीकर (क्षेपणास्त्राच्या नाकातला शोधणारा डोळा) काहीच पाठवत नाही, नुसता बघतो. नॉर्वेचं पेंग्विन याच जातीचं, त्यानंतरचं त्यांचं नेव्हल स्ट्राइक मिसाइल तर जहाजाचं अख्खं चित्र बघतं. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२५ मध्ये चांदीपूरला हेलिकॉप्टरवरून सोडायच्या जहाजविरोधी क्षेपणास्त्राची चाचणी झाली, त्यात देशी इमेजिंग इन्फ्रारेड सीकर होता. म्हणजे समोरच्याकडेही असणार हे धरूनच जहाज बांधायचं.

जहाजावर सगळ्यात गरम काय, तर धुराडं. १५ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या गोदीत नौदलाची जी निलगिरी फ्रिगेट दाखल झाली तिच्यात दोन एलएम २५०० गॅस टर्बाइन आणि दोन डिझेल. गॅस टर्बाइनचा धूर पाचशे अंशांच्या घरात बाहेर येतो. म्हणून धुराड्यात बाहेरची थंड हवा ओढून मिसळतात आणि गरम पत्रा वरून-बाजूने दिसणार नाही असा झाकतात. एवढं केल्यावर गंमत अशी होते की धुराडं आटोक्यात येतं आणि मग उन्हाने तापलेली जहाजाची कूसच सगळ्यात मोठी दिसायला लागते. तुझी भिंत इथे येते. क्षेत्रफळ मोठं, तापमान थोडंच जास्त, पण बेरीज भरपूर.

अजून एक. धुरातला कार्बन डायऑक्साइड साधारण ४.३ मायक्रॉन लांबीच्या लहरींत चमकतो. पण मधल्या हवेतही तोच वायू आहे, तो नेमकी तीच चमक गिळतो. लांबून फक्त त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा पोचतात. मॉडेलमध्ये या कडा चुकल्या की जवळून घेतलेलं माप जुळेल आणि दहा किलोमीटरवरचं सपशेल आपटेल.

तिरका_चष्मा | सोम, रात्री १०:३८

माफ करा, पण हा सगळा जुळवाजुळवीचा धंदा आहे. सिम्युलेशनची कंत्राटं मी जवळून पाहिलीत. एका ठिकाणी (नाव नको) निष्कर्षाचं पान आधी टाइप झालेलं असायचं, आकडे मागून यायचे. पाच-सहा आकडे फिरवायची मुभा असली की कुठलंही मॉडेल कुठल्याही मापाला जुळतं. ताई, तुमचे सर निदान प्रामाणिकपणे सांगतायत काय करायचं ते.

मोजपट्टी | सोम, रात्री ११:२०

तिरकेराव, रोग बरोबर ओळखलात, पण म्हणून सगळे पेशंट मेले असं नाही.

माझा धंदा मोजमापाचा (कॅलिब्रेशन), म्हणून जरा लांबण लावतो.

नेटो देशांनी २००१ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सला एक चाचणी घेतली, सिमव्हेक्स नावाची. काम एकच, जहाजाचं इन्फ्रारेड मॉडेल प्रत्यक्षाशी ताडणं. मॉडेल होतं कॅनडातल्याच डेव्हिस कंपनीचं शिपआयआर, जे नेटो आणि अमेरिकी नौदल प्रमाण म्हणून वापरतात. आणि जहाज? फ्रिगेट नाही, विनाशिका नाही. क्वेस्ट नावाचं संशोधन जहाज. कारण खऱ्या लढाऊ जहाजाचे आकडे बाहेर पडले की ते शत्रूच्या हातात आयते. तेव्हा टग मिळाला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, मोठे लोकही हेच करतात.

महत्त्वाचं म्हणजे ते फक्त शेवटचं चित्र कॅमेऱ्याशी लावून बघत बसत नाहीत. पत्र्यावर थर्मोकपल (चिकटवायचे तापमापक) लावतात, म्हणजे कातडीचं खरं तापमान वेगळं मिळतं. ऊन वेगळं मोजतात, आकाशाकडून खाली येणारी उष्णता वेगळी, हवा, दमटपणा, वारा, पाण्याचं तापमान वेगळं. मग कडी कडी तपासायची. दिलेल्या हवामानात पत्रा बरोबर तापतोय का? तेवढ्या तापमानाला किरण बरोबर निघतायत का? मधल्या हवेतून जाताना बरोबर कमी होतायत का? मागचा समुद्र बरोबर आहे का?

एकदम शेवटचा आकडा ताडला तर काय होतं ते आमच्या सोसायटीच्या हिशेबात बघा. पाण्याचं बिल दोन हजारांनी जास्त धरलं, लिफ्टचं दोन हजारांनी कमी, ताळेबंद चोख. ऑडिटरने सही ठोकली. पुढच्या वर्षी लिफ्ट बंद राहिली आणि सगळं उघडं पडलं. मॉडेलमध्ये भिंत पाच अंश जास्त आणि मधली हवा थोडी जास्त अपारदर्शक धरली, तर चित्र सुंदर जुळतं. अंतर बदललं की मेलं.

म्हणून धागाकर्तीला दोन प्रश्न. तुझे ५४ हे पत्र्याचं खरं तापमान की कॅमेऱ्याला दिसेल ते? आणि भिंतीवर थर्मोकपल आहे का?

संपादक मंडळ | मंगळ, सकाळी ७:३०

चर्चा उत्तम चालू आहे. नौदलाच्या जहाजांचे स्वतः काढलेले फोटो, ठावठिकाणा, वेळा कृपया टाकू नयेत. एक प्रतिसाद उडवला आहे.

भाऊचा_धक्का | मंगळ, सकाळी ७:४४

तो माझा नव्हता. माझ्याकडे फक्त मांडव्याच्या बोटीचे फोटो आहेत, त्यात पण निम्मे सीगलचे.

खाडीपलीकडे | मंगळ, सकाळी ८:५०

काका, मोजपट्टी, खूप आभार. उत्तरं: (लोकलमधून टाइप करतेय, सांभाळून घ्या)

दोन्ही आकडे ‘कॅमेऱ्याला दिसेल ते’ असेच आहेत, साठेक मीटरवरून. भिंतीवर दोन थर्मोकपल आहेत, एक वर, एक खाली. कॅमेऱ्यातून हवेचा आणि परावर्तनाचा हिशेब काढून टाकला की ते एका अंशाच्या आत जुळतात. म्हणजे कॅमेरा ठीक वाटतोय. टग धक्क्याला घट्ट बांधलेला, दिशा बदलत नव्हती. वारा टगच्या मास्टवर मोजला, ऊन तिथेच डेकवर.

अंबरनाथ_लोकल | मंगळ, सकाळी ११:०५

मी रंगांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते. (नाही, नौदलाच्या मटेरियल्स प्रयोगशाळेत नाही, ती आमच्या अंबरनाथलाच आहे म्हणून सगळे विचारतात.)

तुझ्या सरांनी जो आकडा खाली आणायला सांगितला त्याबद्दल बोलते. रंगाचे दोन वेगळे स्वभाव असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, तो ऊन किती शोषतो. दुसरा, तो स्वतः इन्फ्रारेडमध्ये किती उत्सर्जन करतो. पांढरा रंग आणि जहाजी राखाडी रंग दुसऱ्या बाबतीत जवळजवळ सारखेच, दोघंही ०.९ च्या आसपास. पहिल्या बाबतीत जमीन-अस्मान. चांगला पांढरा रंग पाव भाग ऊन घेतो, मध्यम राखाडी सत्तर टक्क्यांच्या घरात. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून इन्फ्रारेडचा अंदाज बांधायचा नाही.

आणि टगवर काय असणार? चार-पाच वर्षांचे थर, वर मिठाचा पापुद्रा, डिझेलची काजळी, मध्ये मध्ये तांबेऱ्याचे ओघळ. डब्यावर छापलेला आकडा इथे कामाचा नाही. कोपऱ्यातला थराचा एक खपला सुटत असेल तर काढून प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटरखाली ठेव, शोषणाचा खरा आकडा मिळेल. तो आकडा आणि सरांनी ‘आणलेला’ आकडा यांच्यात जमीन-अस्मान निघालं तर तुझी जुळवणी खोटी. जवळ निघाला तर सर खरे. एका खपल्यात निकाल.

पावशेर | मंगळ, सकाळी ११:१२

सरांचा निकाल खपल्यावर. एम.टेक. असंच असतं.

नाखवीण | मंगळ, दुपारी १:३०

मला तुमच्यातलं मॉडेल-बिडेल कळत नाही, पण वाऱ्याचं सांगते. आमची बोट ससून डॉकला लागते, भाऊच्या धक्क्यालाही जाणं-येणं असतं. फेब्रुवारीत सकाळी वारा जमिनीकडून, दुपारी उलटतो आणि पश्चिमेकडून समुद्राचा येतो. तू साडेतीनला माप घेतलंस म्हणजे समुद्रवारा पुरता लागलेला. तुझी भिंत पश्चिमेला तोंड करून, म्हणजे वारा थेट तोंडावर. पण मध्ये गोदीची गोदामं, भिंती, क्रेन. मास्टवर भणभण वारा आणि खाली डेकवर पदरही हलत नाही असं कितीदा होतं, आणि कधी दोन गोदामांच्या फटीतून असा सुटतो की टोपली उडते. मास्टवर मोजलेला वारा भिंतीला लागतो हे कोणी सांगितलं?

कुलाबा_ढगाळ | मंगळ, दुपारी २:१०

नाखवीणबाईंना +१००. यात हवामानाची बाजू जोडतो.

वर आला तो मोठा प्रयोग थंड देशातला. मुंबईची हवा वेगळी. दमट. जहाजांच्या कामात दोन पट्टे वापरतात, ३ ते ५ मायक्रॉन आणि ८ ते १२ मायक्रॉन. साध्या तापमानाला दुसऱ्या पट्ट्यात जवळजवळ वीसपट ऊर्जा निघते, म्हणून कागदावर तोच भारी वाटतो. पण हवेतली वाफ तो पट्टा खाते. साठ मीटरवर हे कळणार नाही. मे महिन्यात बंदराबाहेर दहा किलोमीटरवर कळेल. हॅलिफॅक्सच्या हवेत पास झालेलं मॉडेल आपल्या मे-जूनमध्ये पास होईल असं गृहीत धरायचं कारण नाही.

तिथे लागते ती वरच्या हवेची माहिती. सांताक्रूझहून फुगा सोडतात, त्याचे आकडे मिळतात. मोडट्रान नावाच्या प्रोग्रॅममध्ये घालून हवा किती पारदर्शक ते काढता येतं. फक्त लक्षात ठेव, सांताक्रूझ जमिनीवर आहे. पाण्यालगतचे खालचे दहा-वीस मीटर वेगळे असतात आणि जहाज नेमकं तिथेच असतं.

अवांतर: मापाच्या जागेवरून आठवलं. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा पूर्वी कुलाब्यातच होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेने मापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला नेली. अजून तिथेच आहे. त्या काळच्या लोकांनी ट्राम यायच्या आधी दोन्हीकडे सोबत मापं घेऊन ठेवली, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. असं आता कोण करतं?

भाऊचा_धक्का | मंगळ, दुपारी २:२२

आता मेट्रो येताना आम्हीच अलिबागला जायचं बघतोय, पण भाव विचारू नका.

तिरका_चष्मा | मंगळ, संध्या. ६:००

वाचतोय. पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. अंबरनाथ म्हणतात शोषणाचा आकडा अनिश्चित, नाखवीण म्हणतात वारा अनिश्चित, कुलाबा म्हणतात हवा अनिश्चित. तीन अनिश्चित आकडे आणि एक माप. मग सात अंशांचा दोष कोणावर ढकलायचा हे शेवटी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. रात्री अर्ध्या अंशात जुळतं, एवढाच काय तो एक मजबूत पुरावा तिच्याकडे आहे.

मोजपट्टी | मंगळ, रात्री ९:४५

नेमका तोच सगळ्यात कमजोर पुरावा आहे!

रात्री ऊन नाही. आतलं इंजिन बंद. पत्रा हळूहळू हवेच्या तापमानाला येऊन बसतो, आकाशाकडे थोडी उष्णता जाते म्हणून अंशभर खाली, दमट हवेत तेवढाही नाही. आता वाऱ्याने पत्रा किती थंड होतो तो आकडा दुप्पट धरा नाहीतर निम्मा धरा, उत्तर तेच येणार, कारण पत्रा आणि हवा यांच्यात फरकच नाही. जिथे मॉडेल चुकूच शकत नाही तिथे ते बरोबर आलं, यात त्याचं कर्तृत्व शून्य. दुपारी पत्रा हवेपेक्षा पंधरा-वीस अंश वर असतो, तिथे या आकड्याची खरी परीक्षा.

आता ‘तीन अनिश्चित, एक माप’ याचं उत्तर. माप एकच का घ्यायचं? पत्र्याला आठवण असते, तिचा वापर करायचा. डेकहाऊसचा पत्रा सहा मिलिमीटर धरू. एका चौरस मीटरचं वजन ४७ किलो. त्याला एक अंश वर चढायला साधारण २२ किलोज्यूल लागतात. भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॉट ऊन पडतंय आणि त्यातलं सत्तर टक्के आत जातंय असं धरलं, तर सुरुवातीला मिनिटाला अंशभर चढेल. पुढे वारा आणि उत्सर्जन मिळून अंशामागे २५ वॉट बाहेर काढत असतील, तर पत्र्याचा काळ २२,००० भागिले २५, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर.

हे हातात आहे. दुपारी साडेतीनलाच थर्मोकपलच्या भागावर सावली कर. ऊन गेलं. आता पत्रा किती वेगाने उतरतो तो फक्त वारा आणि उत्सर्जनावर अवलंबून, रंग ऊन किती शोषतो याचा संबंधच उरला नाही. दर दहा सेकंदाला नोंद घे. उतरण्याच्या वक्रावरून बाहेर जाण्याचा आकडा मिळतो. तो पक्का केला की सावली काढ, चढण बघ. चढणीतून शोषणाचा आकडा मिळतो. आधी दोन्ही गुंतलेले होते, आता सुटे झाले. मग अंबरनाथच्या खपल्याशी ताडून बघ.

आणि शेवटचं पण सगळ्यात मोठं: हे आकडे या दुपारच्या मापावरून काढलेस, तर याच दुपारवर मॉडेल ‘पास’ म्हणायचं नाही. आकडे गोठव, तारीख टाकून सरांकडे मेल कर. मग वेगळ्या दिवशी, वेगळ्या वाऱ्यात, शक्य तर ढगाळ दिवशी, माप घेण्याआधी मॉडेलचं उत्तर लिहून ठेव. ते किती जवळ आलं, तीच परीक्षा. तिरकेरावांच्या ‘निष्कर्ष आधी’ कंपनीची हीच पद्धत, फक्त इमानदारीने.

तिरका_चष्मा | मंगळ, रात्री १०:१५

शेवटचं वाक्य आवडलं. सावलीचा प्रयोगही पटला. पण व्यवहारात कोणी आकडे गोठवत नाही हे माझं मत कायम.

इंजिनरूम_काका | मंगळ, रात्री १०:५०

मोजपट्टी, वा! एक व्यवहारातला खडा टाकतो. सहा मिलिमीटर हे ड्रॉइंगमधलं. जुन्या टगचा पत्रा गंजून साडेचार-पाच उरलेला असू शकतो, नाहीतर मध्ये कुठे डबलर (वरून जोडलेला जादा पत्रा) मारलेला असतो. पत्रा निम्मा झाला की तुमचा पंधरा मिनिटांचा काळही निम्मा, आणि तुम्ही दोष वाऱ्याला देणार. सर्व्हेच्या वेळी अल्ट्रासोनिकने जाडी मोजतात, मालकाकडे गेजिंग रिपोर्ट असतो, तो माग. शिवाय भिंतीच्या आत काय आहे बघ. ग्लासवूल आणि वर लाकडी पॅनल असेल तर एक, नुसता पत्रा आणि आत एसी लावलेली केबिन असेल तर दुसरंच.

मोठ्या जहाजांच्या थर्मल चित्रात आतल्या फ्रेम (सांगाड्याच्या बरगड्या), बल्कहेड (आतल्या भिंती) बाहेरून पट्ट्या-पट्ट्यांसारख्या दिसतात, कारण तिथे लोखंड जास्त, ते उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. मॉडेलमध्ये भिंत एकसारखी धरली तर सरासरी जुळते पण पट्ट्या येत नाहीत. नुसती एकूण ऊर्जा बघणाऱ्या सीकरला याने फरक पडत नाही. चित्र ओळखणाऱ्याला पडतो.

नाखवीण | बुध, सकाळी ९:०५

एक शंका. जहाजावर नुसतं पाणी मारलं तर? आम्ही डेकवर दुपारी मारतोच, पाय भाजतात म्हणून.

इंजिनरूम_काका | बुध, सकाळी ९:३०

मारतात की! लढाऊ जहाजांवर अणू-रासायनिक हल्ल्यानंतर धुण्यासाठी फवाऱ्यांची व्यवस्था असते, तीच कूस थंड करायलाही वापरतात. समुद्राचं पाणी, फुकट आणि भरपूर. फक्त सगळीकडे सारखं भिजत नाही, कोरडे ठिपके राहतात आणि मॉडेलवाल्यांची झोप उडते.

खाडीपलीकडे | बुध, सकाळी १०:१५

केवढं मिळालं मला! सावलीचा प्रयोग नक्की करणार. गेजिंग रिपोर्टसाठी मालकांना फोन केला, ‘तू विकत घेणारेस का’ असं विचारलं, पण देतो म्हणाले.

पण एक राहिलं. समजा सगळं नीट केलं आणि तरी वेगळ्या दिवशी दोन-अडीच अंश फरक राहिला. तो चालतो का?

मोजपट्टी | बुध, दुपारी १२:४०

कशासाठी, ते आधी सांग.

समज नौदलाला विचारायचंय की सीकर जहाजाला किती अंतरावरून पकडेल. जहाजाचा ठिपका अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. म्हणजे मॉडेलने जहाजाची तीव्रता वीस टक्के जास्त सांगितली तरी पल्ला जास्तीत जास्त दहा टक्के चुकेल, आणि मध्ये दमट हवा असेल तर त्याहूनही कमी. तिथे दोन अंश खपून जातील. पण प्रश्न असा असेल की धुराड्याची नवी व्यवस्था जुन्यापेक्षा बरी का? तर दोन्ही डिझाइन एकाच मॉडेलमध्ये, एकाच उन्हात. सारखी चूक दोन्हीकडून बरीचशी वजा होते, आणि दहा अंशांनी चुकलेलं मॉडेलसुद्धा क्रम बरोबर सांगू शकतं. उलट प्रश्न असा असेल की पहाटे जहाज समुद्राच्या पार्श्वभूमीत विरघळतं ते नक्की किती वाजता, तर अर्धा अंशही फार आहे.

आणि कृपा करून टक्क्यांत चूक लिहू नकोस. जहाज आणि मागचा समुद्र यांच्यातला फरक दिवसातून दोनदा शून्यातून जातो, उगवतीला आणि मावळतीला. त्या वेळी अंशाच्या दशांशाची चूक हजार टक्के दिसते. सर घाबरतील.

कुलाबा_ढगाळ | बुध, दुपारी १:१५

समुद्राची पार्श्वभूमी हा वेगळाच राक्षस आहे. समुद्र सपाट आरसा नाही, लाटांच्या हजारो तिरप्या आरशांचा आहे. कॉक्स आणि मंक या दोघांनी हवाईजवळ विमानातून पाण्यावरच्या उन्हाच्या लखलखाटाचे फोटो काढले आणि वाऱ्यानुसार लाटांचे उतार कसे बदलतात त्याचं गणित १९५४ मध्ये छापलं. जहाजांची मॉडेलं आजही त्याच गणितावर उभी आहेत. ते खोल समुद्राचं. आपल्या बंदरातल्या गढूळ, चिंचोळ्या, बार्जनी घुसळलेल्या पाण्याला ते किती लागू, यावर कोणी काम केलं तर मी पहिला वाचक.

अंबरनाथ_लोकल | बुध, दुपारी १:५०

धागाकर्ती, पीएच.डी.चा विषय मिळाला बघ.

पावशेर | बुध, दुपारी १:५२

तिला आधी एम.टेक. तरी होऊ द्या!

माझा खरा प्रश्न: मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा मिळतो, त्याने छतातली गळती सापडते का? वरचे म्हणतात त्यांच्या बाथरूममधून नाही.

मोजपट्टी | बुध, दुपारी २:३०

सापडते. ओल सुकताना भिंत थंड पडते, तो डाग दिसतो. पण पावसाळ्यात हवा भिजलेली असताना ओल सुकतच नाही, मग डागही फिका. ऑक्टोबरच्या उन्हात बघ. आणि चकचकीत टाइलवर कॅमेरा धरू नकोस, तिथे तुझंच तोंड दिसेल. टाइलवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटव आणि टेपचं तापमान वाच. (धागाकर्तीनेही टगच्या स्टीलच्या कठड्यावर हेच करावं.)

पावशेर | बुध, दुपारी २:३४

ऑक्टोबरपर्यंत वरचे घर विकून जातील.

खाडीपलीकडे | शुक्र, रात्री ९:२०

अपडेट. सरांना सावलीचा प्रयोग सांगितला. पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले की आधीच्या रिपोर्टमधला तो आकडा तसाच राहू दे, हा प्रयोग वेगळं प्रकरण म्हणून घाल. म्हणजे एकाच रिपोर्टमध्ये जुळवलेला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी. भांडायचं का?

टगचे सारंग (खलाशांचे मुकादम) ताडपत्री द्यायला तयार आहेत. रविवारी गोदीत काम कमी असतं तेव्हा करायचं ठरलंय.

तिरका_चष्मा | शुक्र, रात्री ९:४१

अजिबात भांडू नका. दोन्ही छापा, दोन्हींवर तारीख घाला. परीक्षकाला डोळे असतील तर तो बघेल.

इंजिनरूम_काका | शुक्र, रात्री ९:५५

ताडपत्री भिंतीला चिकटवू नकोस, हातभर अंतर ठेवून आडव्या दोरीवर टांग. चिकटली तर वारा अडेल आणि तुझा आकडा गेला. शक्य तर फिक्या रंगाची घे, सारंगांकडची काळी असेल, ती स्वतःच तापून भिंतीला शेकेल. आणि टगवर चढताना सेफ्टी शूज घाल, चपला नको.

नाखवीण | शुक्र, रात्री १०:१०

रविवारी भरतीची वेळ बघून जा. भरतीला टग धक्क्याच्या वर येतो आणि भिंतीला वारा लागतो, ओहोटीला खाली जातो आणि धक्क्याची सावली मिळते. सारंगाला विचार, तो सांगेल.